दार आणि कोठार

मंगला गौरीच्या देवळापासून पंचगंगा घाटाकडे उतरत जाणारी जी अरुंद, दगडी पायऱ्यांची गल्ली आहे, तिच्या दुतर्फा उभ्या असलेल्या वाड्यांमधून गेल्या तीन-चार शतकांत किती पोथ्या, किती दप्तरे आणि किती सुटे कागद येऊन विसावले आणि पुन्हा कोठे कोठे निघून गेले, याचा जमाखर्च मांडणे कोणाही कारकुनाच्या आवाक्यातले नाही. शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेस एकनाथांनी आपले भागवत याच क्षेत्री सिद्धीस नेले. पैठणचे भट्ट घराणे काशीस येऊन स्थिरावले. त्यातील कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला, आणि त्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडी राज्याभिषेकाच्या विधीस उपस्थित झाले. पुढे पेशवाईत दक्षिणेतून येणाऱ्या वैदिकांची, यात्रेकरूंची आणि विद्यार्थ्यांची रीघ लागली, आणि दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा व मंगला गौरी या लगतच्या मोहल्ल्यांत मराठी माणसांची अशी दाट वस्ती झाली की, घराबाहेर बनारसी बोली आणि उंबऱ्याच्या आत मराठी, हा व्यवहार येथील मुलांना जन्मापासून अंगवळणी पडला. श्रावणातल्या मंगळवारी देवीच्या दर्शनास लोटणाऱ्या स्त्रियांत नववधूंचे मराठी उखाणे ऐकू येत, ते ऐकतच माझ्या पिढीचे बालपण गेले.

या वस्तीतल्या प्रत्येक घरात, त्याची सांपत्तिक स्थिती कशीही असो, एक फडताळ पोथ्यांसाठी राखून ठेवलेले असे. आमच्याही घरी ते आहे. रुमालात बांधलेल्या, वर-खाली लाकडी पाट्या घातलेल्या त्या पोथ्यांच्या अखेरीस लेखक जी प्रार्थना करतो, की मला तेलापासून, पाण्यापासून आणि ढिल्या बांधणीपासून राखा, तिच्यात त्या धंद्याचा सगळा अनुभव साठवलेला आहे. काशीतल्या दमट वर्षाकाळात कागदाचे आयुष्य किती, हे त्या लोकांना चांगले ठाऊक होते. म्हणूनच जीर्ण झालेल्या पोथीची प्रत वेळीच उतरवून घेणे आणि मूळ पोथी गंगेच्या हवाली करणे, ही येथील रीत होती. जी विद्या टिकली ती कागद चिवट होता म्हणून टिकली, असे मला कधीच वाटले नाही. कागद सडण्यापूर्वी कोणी तरी बोरू हाती धरला, त्यामुळे ती टिकली.

आमच्या तीर्थरूपांनी बोरू कधी हाती धरला नाही. परंतु त्यांचे काम त्याच जातीचे होते. ते स्वतः घनपाठी नव्हते, मात्र घनपाठ्यांच्या पायाशी बसण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले, आणि या मोहल्ल्यातले वृद्ध वैदिक एकेक करून निघून जाऊ लागले तेव्हा त्यांनी एक कॅसेट रेकॉर्डर पैदा करून, ज्याच्या त्याच्या ओसरीवर जाऊन, त्यांची वेदपठणे उतरवून घेण्याचा उद्योग आरंभला. पुढे कॅसेटींच्या फिती चिकटू लागल्या, तेव्हा त्यांनी त्या सगळ्या सीड्यांवर उतरवून घेतल्या. मृत्यूपूर्वी त्यांनी माझ्या स्वाधीन केलेल्या मिळकतीत या सीड्यांचे डबे होते, आणि घराच्या कागदपत्रांविषयी त्यांनी जेवढे बजावून सांगितले नाही तेवढे या डब्यांविषयी सांगितले.

हे सगळे येथे सांगण्याचे कारण, माझ्या लॅपटॉपमध्ये करावयाचा एक किरकोळ वाटणारा बदल. हा लॅपटॉप जुना आहे. त्याच्या उजव्या कुशीत डीव्हीडी वाचणारा आणि लिहिणारा ड्राइव्ह आहे, आणि पोटातली हार्ड डिस्क पोथ्यांच्या छायाचित्रांनी काठोकाठ भरून गेली आहे. विश्वविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने त्यावर तोड काढली.

“काका, ही डीव्हीडी आता कोण वापरतं? ती काढून त्या जागी कॅडी बसवू. कॅडीत दुसरी डिस्क राहते. तुमची जागेची अडचण कायमची मिटेल.”

“आणि बाबांच्या सीड्या?”

“त्या आधी उतरवून घेऊ. एकही मागे ठेवायची नाही. मगच ड्राइव्हला हात लावायचा.”

त्याच्या बोलण्यात दोष काढण्यासारखे काही नव्हते, आणि ‘मगच’ या शब्दावर त्याने दिलेला जोर ऐकून मला समाधानही वाटले. तरी पण त्या रात्री विचार करता करता असे मनात आले की, हा बदल म्हणजे वाड्याचे गल्लीकडील दिंडीदार बुजवून त्या जागी एक कोठार काढण्यासारखा आहे. कोठाराने घरात सोय होते यात शंका नाही. परंतु दारातून जे येत असे त्याची वाट बंद होते. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, डीव्हीडी १९९६ मध्ये; आणि आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून बनारसच्या चौकापर्यंत तिचे राज्य पुढे वीसएक वर्षे निर्वेध चालले. लग्नाचे चित्रण, मासिकाबरोबर भेट म्हणून आलेले कीर्तन, इस्पितळाने दिलेली मेंदूची छायाचित्रे, शब्दकोश, पंचांगाचे गणित, परीक्षेच्या पुस्तकाच्या मागील पाकिटातली चकती, असा नाना प्रकारचा ऐवज या एका फटीतून यंत्रात प्रवेश करी. दुसऱ्याच्या घरची वस्तू आपल्या घरी आणून वाचावी आणि परत करावी, असा एक शेजारधर्म तिच्यात होता. पुढे यंत्रे सडपातळ होत गेली आणि नव्या लॅपटॉपांत ही फट बहुधा उरलीच नाही. कोठारे मोठी झाली, दारे कमी झाली. या फेरबदलाविषयी कोणी फारसा विचार केला नाही याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तोट्याचा आकडा मांडण्यापूर्वीच तो व्यवहार पुरा झाला.

तो ड्राइव्ह जे काम करीत असे, ते कळले म्हणजे त्याच्याविषयी आदर वाटल्याखेरीज राहत नाही. सीडीच्या पारदर्शक थराखाली आतून बाहेर वळत जाणारी एकच अखंड रेषा असते. तिच्या दोन वळणांमधले अंतर एका मिलिमीटरच्या सहाशेव्या भागाएवढे, आणि ती उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरांहून अधिक भरते, म्हणजे अस्सीपासून राजघाटापर्यंत पसरलेल्या घाटांच्या ओळीच्या जवळपास. या रेषेवरून ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, मानवी डोळ्यास जवळजवळ अदृश्य असा किरण फिरतो, आणि परावर्तित होऊन येणाऱ्या प्रकाशातील चढउतारांवरून यंत्र अक्षर ओळखते. वाचणारा त्या मजकुरास स्पर्शही करीत नाही. आमच्या मंगला गौरीच्या देवळातच मयूखादित्याचे स्थान आहे. येथे उग्र तप करणाऱ्या सूर्याचे शरीर दिसेनासे होऊन केवळ त्याचे किरणच दिसत राहिले, अशी काशीखंडातली कथा लहानपणी आजीकडून ऐकली होती. आजीच्या त्या सूर्याची आठवण मला या ड्राइव्हच्या संगतीत वारंवार होत असे.

छापखान्यातून तयार होऊन येणारी सीडी आणि घरी लिहिलेली सीडी यांत मोठा भेद आहे. घरी लिहिलेल्या सीडीत छापील सीडीसारखे खळगे नसतात; एका सेंद्रिय रंगाच्या थरावर किरणाने डाग पाडलेले असतात, आणि हा रंग ऊन, उष्णता व दमट हवा यांनी हळूहळू विटत जातो. बाबांचे डबे उघडून एकेक चकती खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा हे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. वरच्या बाजूस काळ्या शाईच्या पेनने, बाबांच्या ठसठशीत, किंचित उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत ‘तृतीय अष्टक, घन, ओसरीवर, कार्तिक’ असे लिहिलेले. आणि खाली, जेथे हिरवट निळी झाक एकसारखी असावयास हवी, तेथे कडेच्या बाजूने बोटभर रुंदीचा फिकट पट्टा आत सरकत आलेला. रेषा आतून बाहेर लिहिली जात असल्यामुळे, कड बिघडली म्हणजे प्रथम शेवट जातो. पठणाचा आरंभ स्वच्छ ऐकू येई, मध्य निर्वेध जाई, आणि समाप्तीच्या सुमारास ड्राइव्ह घरघरू लागे, थांबे, पुन्हा आरंभ करी. पुतण्याने असा एक प्रोग्राम लावून दिला होता की जो न वाचता आलेला तुकडा बाजूस ठेवून पुढे जातो आणि अखेरीस फिरून त्या तुकड्यांकडे वळून पुन्हा पुन्हा यत्न करतो. काही चकत्यांना या प्रकारात सबंध रात्र लागली.

या कामात एका गोष्टीने मला फार दिवस गुंतवून ठेवले. चकतीवर मजकूर सरळ ओळीने लिहिलेला नसतो. रीड आणि सॉलोमन या दोघा अमेरिकन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या युक्तीप्रमाणे मूळ अंकांना जोडून काही जादा अंक दिलेले असतात, शिवाय सगळे अंक एकमेकांपासून दूर विखरून ठेवलेले असतात. त्यामुळे रेषेच्या वाटेवर दोन-अडीच मिलिमीटरांचा ओरखडा पडला तरी उरलेल्या अंकांवरून गेलेले अंक बिनचूक काढता येतात. आणि त्या चकतीवर काय होते? घनपाठ होता. पहिले पद आणि दुसरे. मग दुसरे आणि पहिले. मग पहिले, दुसरे, तिसरे. मग तिसरे, दुसरे, पहिले. आणि पुन्हा पहिले, दुसरे, तिसरे. अशा क्रमाने प्रत्येक पदाला त्याच्या शेजाऱ्यांच्या साक्षीने पुन्हा पुन्हा उभे करणारी ही पद्धती ज्यांनी बसवली, त्यांनाही हीच चिंता होती की एक स्वर गळला, एक मात्रा चुकली, तर ती उघडकीस यावी. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन या आठही विकृतींचा बंदोबस्त त्याचसाठी. एका दक्षतेच्या पोटात दुसरी दक्षता होती. आणि दोहोंच्या मध्ये बनारसच्या चार भाद्रपदांनी विटवलेला एक रंगाचा थर होता. मात्र यंत्राची दुरुस्ती मुकाट्याने होते आणि माणसाची ऐकू येते. एका पठणात कोण्या तरुणाचा स्वर घसरतो. वृद्ध गुरुजी मांडीवर थाप मारतात, पठण थांबते, आणि “हं, मागून घे” हे पाच अक्षरांपलीकडे न जाणारे वाक्य स्पष्ट उमटते. ती थाप उतरवून घेताना चकतीचे जे श्रम झाले असतील ते मला सार्थकी लागलेले वाटतात.

सगळ्या चकत्या उतरल्या, ज्या पुऱ्या उतरल्या नाहीत त्यांची यादी झाली, आणि मग ड्राइव्ह काढण्याचे काम हाती घेतले. ते करावयास फार तर अर्धा तास लागतो. लॅपटॉप बंद करून, विजेची तार आणि बॅटरी अलग करून, पालथा घातला म्हणजे मधोमध एक एकटा स्क्रू दिसतो. तो काढून ड्राइव्ह बाजूने ओढला की खणातून निसटून सबंध हातात येतो. वजनाने अगदी हलका, पत्र्याच्या पातळ कवचातला. त्याच्या मागच्या टोकास एक लहानशी पट्टी दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढून कॅडीस लावावी लागते, नाही तर कॅडी जागेवर धरली जात नाही. दर्शनी बाजूची प्लॅस्टिकची झाकणीही अलगद सोडवून कॅडीवर चढवावयाची, म्हणजे बाहेरून यंत्राचे रूप पूर्ववत राहते. खरेदी करण्यापूर्वी पट्टीने जाडी मोजून घेणे अगत्याचे, कारण हे ड्राइव्ह साडेनऊ आणि साडेबारापेक्षा किंचित अधिक, १२.७ मिलिमीटर, अशा दोन जाडींचे येतात आणि एकाची कॅडी दुसऱ्याच्या खणात बसत नाही. कॅडी म्हणजे तरी काय, एक चौकट आणि तिच्या टोकाशी एक जोडणी; ड्राइव्हच्या खणात वीज पुरवणाऱ्या सहा पट्ट्या असतात, डिस्कला पंधरा पट्ट्यांची जागा लागते, आणि या दोहोंचे जुळवून देणे एवढेच तिचे कर्तव्य. चारपाचशे रुपयांत ती मिळाली.

नवी डिस्क, म्हणजे एसएसडी, कॅडीत आणि जुनी डिस्क मूळ जागी, असे करणे सोपे. परंतु पुतण्याने उलट केले. एसएसडी मूळ खणात घातली आणि जुनी, मिनिटास ५४०० फेरे घेणारी डिस्क कॅडीत पाठवली. ड्राइव्हच्या खणाचा मार्ग पुष्कळ यंत्रांत संथ असतो आणि तेथून यंत्र सुरू करण्यास कधी कधी अडचण येते, म्हणून ज्या डिस्कवर यंत्राचा रोजचा कारभार चालतो तिला मुख्य जागा द्यावी, असा त्याचा युक्तिवाद होता, आणि तो मला पटला. यंत्र सुरू झाले, दोन्ही डिस्का दिसू लागल्या, जागा मुबलक झाली. झाकणीवरचे ते लांबट बटन अजून दाबले जाते. त्याच्यामागे आता काही नाही.

जागा मुबलक झाली की माणूस निर्धास्त होतो, आणि येथेच मला पुतण्याशी थोडे बोलावे लागले. त्याचे म्हणणे असे की, सगळे आता दोन डिस्कांवर आहे, म्हणजे दोन प्रती झाल्या. मी त्याला कवींद्राचार्य सरस्वतींची हकीकत सांगितली. सतराव्या शतकातले हे संन्यासी मूळचे गोदातीरचे; शहाजहानच्या दरबारी रदबदली करून त्यांनी काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर उठवला, आणि त्याबद्दल पंडितांनी त्यांच्यावर रचलेल्या प्रशस्तींचा ‘कवींद्रचंद्रोदय’ नावाचा संग्रह १९३९ मध्ये पुण्यास छापलाही गेला. त्यांचा ग्रंथसंग्रह त्या काळच्या काशीत अपूर्व होता. बर्निये या फ्रेंच प्रवाशाने बनारसेत ग्रंथांनी भरलेले एक मोठे दालन पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. ते कवींद्रांचेच असावे, असे अभ्यासक मानतात. आज तो संग्रह एका ठिकाणी नाही. त्याची यादी मात्र आहे. दोन हजारांहून अधिक ग्रंथांची नावे असलेली ती सूची १९२१ मध्ये बडोद्याने छापली. एका सुरक्षित दालनात, एका विद्वानाच्या नजरेखाली ठेवलेला तो सारा ऐवज पांगला, आणि त्यातल्या ज्या पोथ्या आज हाती लागतात त्या बिकानेरच्या अनूप संस्कृत पुस्तकालयासारख्या दूरदूरच्या संग्रहांत, पहिल्या पानावरच्या त्यांच्या मालकीच्या नोंदीमुळे ओळखू येतात.

एकाच यंत्राच्या दोन खणांतल्या दोन डिस्का या एकाच दालनातल्या दोन फडताळांप्रमाणे आहेत. यंत्र चोरीस गेले, पाणी सांडले, विजेचा लोट आला, तर दोन्हींचे प्रारब्ध एकच. १९७८ च्या महापुरात गंगेने या शहरात ७३.९ मीटरांची पातळी गाठली होती. आमचे घर उंचावर आहे, तरी त्या वर्षी खालच्या वाड्यांतली किती फडताळे ओली झाली, हे मोहल्ल्यातली वृद्ध माणसे अजून सांगतात. शिवाय फिरणारी डिस्क झिजते. एसएसडीतील विद्युद्भार, ती फार काळ विजेविना पडून राहिल्यास, हळूहळू निसटत जातो. पुतण्या ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, “मग काका, पोथीसारखंच करू. दर काही वर्षांनी नवी प्रत, आणि घरं वेगवेगळी.”

त्याप्रमाणे तजवीज केली. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवून पुण्यास चुलतभावाकडे पाठवली. ज्या वैदिकांची ती पठणे, त्यांच्या कुटुंबांकडे, जी आज इंदूर, नाशिक आणि खुद्द ब्रह्माघाटावर आहेत, त्यांच्या-त्यांच्या वाट्याचा भाग पोहोचता केला. तो मुळात त्यांचाच होता. प्रत पाठवण्यापूर्वी रुजवात केली. पूर्वी दोन माणसे समोरासमोर बसत, एक मूळ वाची आणि दुसरा नकलेवर बोट फिरवी. आता प्रत्येक फाइलचा एक लांबलचक आकडा काढून दोन्हींकडचे आकडे ताडून पाहिले म्हणजे खातरजमा होते. एकनाथांनी येथून परत गेल्यावर, शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती मिळवून, नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून ती शुद्ध केली. त्या श्रमांपुढे आमच्या आकड्यांची पडताळणी अगदीच सुलभ आहे, पण दोहोंमागची काळजी निराळी आहे असे मला वाटत नाही.

काढलेला तो ड्राइव्ह टाकून देण्यास मी नकार दिला. पुतण्याने बाजारातून त्याच्यासाठी एक बाह्य कवच आणले, ज्यात तो घालून यूएसबीच्या तारेने कोणत्याही यंत्रास जोडता येतो, आणि तो आता ओसरीवरच्या मेजावर ठेवलेला आहे. ही वार्ता मोहल्ल्यात आपोआप पसरली. पहिल्यांदा समोरच्या वाड्यातल्या काकू मुलीच्या लग्नाची चकती घेऊन आल्या. मग देवळाच्या पलीकडच्या एका पुजाऱ्याने वडिलांच्या प्रवचनांच्या चकत्या आणल्या. गणेशोत्सवातल्या जुन्या व्याख्यानांचा एक डबा कोणी तरी कागदात गुंडाळून दिला. कोणाची चकती केव्हा आली, किती उतरली आणि कोठवर वाचता आली नाही, याची नोंदवही पुतण्या ठेवतो. त्या डब्यातल्या व्याख्यानांच्या चकत्यांची कड सर्वांत अधिक विटलेली आहे, म्हणून सध्या इतर सर्व कामे मागे ठेवून त्या प्रथम घेतल्या आहेत. पावसाळा लागण्यापूर्वी त्या पुऱ्या व्हाव्यात, असा आमचा प्रयत्न चालला आहे.